पाटातलं पिल्लू

शमीम,

तुला घरातून नेलं त्या दिवशी संध्याकाळी निघताना मी मागच्या पडवीत गेले आणि ती निळी बादली उचलली. मला वाटलं, आता या घरात तिच्याकडे बघायला कोणाला सवड असणार? माजघरात बायका कुराण वाचत होत्या. तुझे मिस्टर, सलीमभाई, आठवडाभर आधीच मस्कतहून आले होते, पण तेवढ्या दिवसांत ते कोणाशी चार शब्द बोलले असतील तर शपथ. तुझ्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी बादलीच्या कडीला हात घातला आणि मागून तुझ्या सासूबाई आल्या.

"ठेव गो ती खाली," खाला म्हणाल्या.

"खाला, तुम्हाला कशाला आता त्रास? मी घरी नेते. नीट बघेन."

"माझा त्रास मी बघीन. तिनं तो किडा माझ्याकडं दिलान. तुझ्याकडं नाय दिलान."

मी बादली खाली ठेवली. दिवसभर मला रडू आलं नव्हतं. तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा मी दाराबाहेर होते. जनाजा गल्लीतून निघाला तेव्हा बाकीच्या बायकांबरोबर उंबऱ्याच्या आत उभी होते, आणि डोळे कोरडे ठणठणीत. खालांचं ते बोलणं ऐकलं आणि पडवीच्या पायरीवर बसून रडले. वर्षभर ज्या बादलीला त्यांनी "डासांचं घर" म्हणून नावं ठेवली, तीच बादली त्या आता माझ्यापासून राखत होत्या.

तुझ्या शाळेत शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं होतं, मी नाही म्हटलं. तुझी शिस्त, तुझं शिकवणं, तुझा दहावीचा निकाल, इतर बोलले ते सगळं खरंच होतं. बादलीबद्दल कोणी बोललं नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हतं. रत्नागिरीतल्या एका जीवशास्त्राच्या बाईनं जगात कोणी न पाहिलेली गोष्ट शोधली होती आणि ती तिच्या मोरीशेजारी चिखलात बसली होती, हे त्या सभेत सांगायचं तर आधी चतुर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती. तेवढं बळ माझ्यात नव्हतं. म्हणून तुलाच सांगते. तुझ्यानंतर काय काय झालं, तेही.

आपण भेटलो ते बी.एस्सी.ला, एका टेबलावर. माझा हात बेडूक कापताना थरथरायचा. तू न विचारता माझ्या हातातून कातर काढून घेतलीस. "तू चित्र काढ, मी कापते," म्हणालीस. पुढे तू हायस्कूलात लागलीस, मी ज्युनियर कॉलेजात, पण ती वाटणी तशीच राहिली. नमुना पकडायचा, स्पिरिटमध्ये टाकायचा, तो तू. भिंगातून बघून त्याचं चित्र काढायचं, ते मी. बाटलीचं झाकण लावताना दर वेळी तू पुटपुटायचीस, "माफ कर रे बाबा." मी तेव्हा दुसरीकडे बघत असायचे. आपल्या या छंदाला तुझ्या घरात कोणी हसलं नाही आणि माझ्या घरात कोणी विचारलं नाही. रविवार आपला असायचा. सड्यावरच्या कातळातली डबकी, वहाळ, पाणथळी, जिथे चतुर तिथे आपण दोघी, टोपी आणि ओढणी.

आणि मग तो काळा-पिवळा चतुर. हिरवे डोळे, सडपातळ पोट, शेवटाला जरासं फुगलेलं. पुस्तकांत त्याचे जुने, मोजके उल्लेख, कुठे तरी संग्रहालयात टाचणीला लावलेले एक-दोन नमुने. तो तुला दिसला तुझ्या माहेरी, राजापूरच्या पलीकडे, पोफळीच्या बागेत. तुझ्या भाबी पाटावर धुणं धूत होत्या आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर एक मादी पुन्हा पुन्हा पाण्याला पोटाचं टोक लावत होती. अंडी घालत होती. तू मला तिथूनच फोन केलास. इतकी ओरडत होतीस की मला वाटलं, घरात कोणाला तरी साप चावला.

हवेत दिसतो तो चतुर म्हणजे त्याच्या आयुष्याचं शेवटचं, छोटंसं टोक. त्याच्या आधी वर्षभर, कधी त्याहून जास्त, तो पाण्याखाली असतो, पंखांशिवाय, कुरूप, सहा पायांचा. आपल्या चतुराचं हे पाण्यातलं रूप कोणी पाहिलं नव्हतं. शास्त्रात त्याला डिंभ म्हणतात. तू एकदा म्हणालीस, "डिंभ काय गो, शिवी दिल्यासारखं वाटतं. पिल्लू म्हण." झालं, पिल्लू.

त्यानंतरचे दोन हिवाळे आपण फुकट घालवले आणि ते माझ्या हट्टापायी. मी म्हटलं, एवढा दुर्मीळ जीव माणसांच्या धुण्याच्या पाण्यात कशाला वाढेल? ती मादी चुकली असेल. खरी जागा वर असणार, जंगलातल्या वहाळात. तू म्हणालीस, "मादी चुकत नाही. बाईमाणूस पोर कुठं ठेवायचं ते बघून ठेवतं." पण माझ्याबरोबर आलीस. आपण वहाळाच्या उगमापर्यंत चढलो, दगड उलटे केले, पालापाचोळा गाळला. खेकडे मिळाले, झिंगे मिळाले, दुसऱ्याच चतुरांची पिल्लं मिळाली. परत येताना तू पाटाच्या कडेने चालायचीस आणि तिरप्या नजरेनं पाण्यात बघायचीस. मला ते कळायचं आणि मी न कळल्यासारखं करायचे.

मग एका सकाळी तू मला न विचारता भाबींच्या स्वयंपाकघरातून पिठाची चाळण उचललीस आणि पाटात उतरलीस. धुण्याच्या दगडापासून थोडी खाली, जिथे पाणी मंद होतं आणि तळाला बोटभर मऊ गाळ साठलेला. तू ओंजळीने गाळ चाळणीत घातलास, पाण्यात धरून हलवलास. चिखल वाहून गेला. कुजलेल्या झावळ्यांचे तुकडे राहिले. त्यातला एक तुकडा चालायला लागला.

मला ते दृश्य अजून तसंच्या तसं दिसतं. तपकिरी, केसाळ अंग, केसांना चिकटलेला गाळ. पुढचे पाय आखूड आणि जाड, उकरायला केलेले. आणि पोटाचा शेवटचा भाग लांब, नळीसारखा. आपण त्याला ताटलीत गाळावर सोडलं तर बघता बघता तो आत शिरला, आणि वर राहिलं ते फक्त त्या नळीचं टोक, श्वास घ्यायला. तू पाटात गुडघाभर पाण्यात उभी, चाळण डोक्यावर धरलेली. पाटाच्या काठावरच्या बायका आपल्याला हसत होत्या. "शमीम, पीठ चाळतेस की पाणी?" कोणीतरी म्हणालं. तू माझ्याकडे बघितलंस आणि एवढंच म्हणालीस, "आता बोल."

मी चित्र काढायला बसले.

पण तेवढ्याने भागणार नव्हतं. पिल्लू मिळालं म्हणजे ते त्याच चतुराचं आहे हे सिद्ध होत नाही. त्याला वाढवायचं, त्यानं आपल्या डोळ्यांदेखत पाण्याबाहेर यायचं, कात टाकायची, पंख काढायचे, मग ती कात आणि तो चतुर शेजारी ठेवून म्हणायचं, हे याचं. माझ्या प्रयोगशाळेत ठेवलेली पिल्लं मेली. एक टाकीत, एक मातीच्या परातीत. तुझ्या पडवीतली जगली, कारण तू पाटाचंच पाणी कॅनमधून आणलंस, पाटाचाच गाळ आणलास आणि मधोमध जांभ्याचा एक तुकडा ठेवलास. बाहेर येताना त्याला चढायला काहीतरी हवं म्हणून. शेवटी त्यातलंही एकच राहिलं.

आणि तोवर नळाचं ठरलं.

मला तो परतीचा प्रवास विसरता येत नाही. राजापूरहून निघालेली एसटी, खिडकीची काच खडखडतेय, आणि तुझ्या मांडीवर पाण्याचा कॅन. युनूसभाईंनी, तुझ्या मोठ्या भावानं, सांगितलं होतं की वरच्या झऱ्याचं पाणी टाकीत जाणार, टाकीतून नळाने घरोघरी आणि पाइपने बागांना. पाटाची गरज संपली. दर वर्षी पाऊस सरला की वाडीतली माणसं वहाळाला दगड-चिखलाचा बांध घालायची आणि पाणी पाटात वळवायची, तेही संपलं. युनूसभाई खुशीत होते. तूही.

"पाट बंद झाला तर आपलं पिल्लू संपलं," मी म्हणाले.

"हं."

"हं काय? दुसरीकडे कुठे मिळालंय आपल्याला? सगळा वहाळ पालथा घातला. त्याला तो पाटच लागतो. दर वर्षी उपसलेला, नवा गाळ बसलेला, सावलीतला. आपण ग्रामपंचायतीत जाऊन सांगू या. नळ घ्या, पण थोडं पाणी पाटात सोडा."

"कोण सांगणार? तू?" तू माझ्याकडे वळलीस. "नळ उघडा टाकून दात घासतेस ती तू? डोक्यावर हंडा घेतलायस कधी?"

"मी नळ नको म्हणतच नाही, शमीम."

"तुझं ऐकलं की लोकांना तेच ऐकू येणार. मी घेतलाय हंडा. सातवीपर्यंत. माझी आई त्याच पाटावर शेवाळावरून घसरली. खुबा मोडला तिचा. त्यानंतर ती सरळ चालली नाही कधी. तू तिला बघितलंस ते काठीवरच." तू कॅनवर दोन्ही हात घट्ट ठेवलेस. "पिल्लू माझं आहे. पण तो पाट मी चालू ठेवा म्हणून माझ्या भाबीच्या तोंडावर सांगायला जाणार नाही. तू पण जायचं नाहीस."

"मग ते मरू दे?"

"मी असं म्हणाले?"

"मग काय म्हणतेस?"

लांजा गेलं. पालीला गाडी थांबली तशी तू उतरलीस, वडापाव घेऊन आलीस, एक माझ्या हातात ठेवलास. आपण दोघींनी तो खिडकीबाहेर बघत खाल्ला. रत्नागिरी स्टँडवर तू "येते" म्हणालीस, नेहमीसारखा हाताला चिमटा काढला नाहीस.

मला वाटलं होतं, भांडण पुरं करायला पुढचा रविवार आहे.

तुझी पाठ त्याच सुमारास दुखायला लागली होती. चाळण घेऊन वाकून वाकून दुखतेय, असं तूही म्हणायचीस आणि मीही. आपण त्यावर विनोद केले. तू पाठीला तेल चोळायचीस, खाला गरम विटकर फडक्यात गुंडाळून द्यायच्या. मग खाणं कमी झालं, डोळे पिवळे दिसायला लागले, आणि मग तपासण्या, मुंबई, पोटातल्या कुठल्याशा खोल जागेचं नाव. तिथलं दुखणं पाठीत निघतं, हे मला डॉक्टरांकडून कळलं. मी प्राणिशास्त्र शिकवते, शमीम. स्वादुपिंड कुठे असतं हे मी दर वर्षी फळ्यावर काढते.

मुंबईत तू नणंदेच्या घरी राहिलीस. तिथून तुझे फोन खालांना जायचे आणि खाला तावातावानं मला सांगायच्या. "म्हणते, पाणी बदलताना तळ हलवायचा नाय. म्हणते, पाणी बादलीच्या कडेनं सोडायचं. मी काय सुईण हाय त्याची?" पण सोडायच्या कडेनंच. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून मी लाल किडे आणून द्यायचे आणि खाला नाकाला पदर लावून चमच्याने ते पाण्यात सोडायच्या. पिल्लू गाळातच असायचं. कधीमधी खालचा ओठ झटक्यात बाहेर फेकून किडा पकडायचं आणि परत निवांत. पहिल्यांदा खालांनी ते बघितलं तेव्हा त्या "या अल्ला" म्हणून मागे सरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच शेजारच्या बाईला बोलावून दाखवलं.

मी तुला भेटायला मुंबईला आले तो दिवस. तू खाटेवर भिंतीला टेकून बसली होतीस. ओढणी नेहमीसारखीच कपाळापर्यंत होती, पण तिच्याखाली केस नव्हते हे कळत होतं. तुझं मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं. येताना गाडीत मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. तू नसतीस तर मी या विषयात राहिलेच नसते, हे सांगायचं होतं. माझं लग्न मोडलं त्या वर्षी दर रविवारी सकाळी दारात येऊन "टोपी घे आणि चल" म्हणणारी तू होतीस, आणि त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही, तेही. आणि त्या एसटीतल्या बोलण्याबद्दल.

तू विचारलंस, "पिल्लाचे पंख फुगले का?"

पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या फुगल्या की पिल्लू बाहेर यायची वेळ जवळ आली असं समजायचं. मी म्हणाले, "फुगतायत."

"ओठाचं चित्र काढलंस?"

"काढलं."

"कडेचे दात नीट मोजलेस ना? तू घाई करतेस."

"मोजले."

मग तुला झोप लागली. मी तुझ्या उशाशी बसून राहिले, तुझी नणंद जेवायला बोलवायला येईपर्यंत. जे बोलायचं होतं ते तसंच परत आणलं. ते अजून माझ्याजवळच आहे, आणि आता या कागदावर उतरवून त्याचं काही होईल असंही मला वाटत नाही.

डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा तुझ्यासाठी पडवीलगतच्या खोलीत खाट टाकली. खिडकीतून बादली दिसायची. शेवटच्या दिवसांत तू बोलत नव्हतीस. खाला तुला सांगायच्या, "खाल्लं हां आज त्यानं." तू ऐकत होतीस की नाही, ते कोणालाच कळलं नाही.

तू गेल्यावर पंधरवडा झाला असेल नसेल, सकाळी खालांचा फोन आला. कॉलेजला सुट्टी होती. "नंदा, तो दगडावर चढलाय. लवकर ये. मी हात लावला नाय."

मी पोचले तेव्हा खाला बादलीसमोर पाट टाकून बसल्या होत्या, हातात तसबीहची माळ. पिल्लू जांभ्याच्या तुकड्यावर आडवं, पाण्याबाहेर पूर्ण आलेलं. अंगावरचा गाळ वाळत चालला होता. पाठीवर मधोमध उभी चीर पडली. आतून फिकट, हिरवट, ओलं काहीतरी वर आलं. आधी पाठ, मग डोकं, मग पाय. किती वेळ लागला सांगता येणार नाही. मी फोटो काढत होते, खालांचे ओठ हलत होते. पोटाचं टोक बाहेर आलं आणि पंख उलगडायला लागले. डाव्या बाजूचे दोन्ही, मग उजवीकडचा पुढचा. मागचा उजवा पंख कातेच्या कडेला अडकला होता. त्यानं ओढला. सुटला, पण मुरगळलेला. आणि तो तसाच वाळत गेला.

"हे असंच असतं?" खालांनी विचारलं.

"नाही, खाला. एक पंख फुकट गेला."

"मग? उडणार नाय?"

"नाही."

त्या बादलीवर वाकल्या. "माझं काय चुकलं? पाणी कमी पडलं?"

तुझ्या डॉक्टरांनाही त्यांनी असंच विचारलं होतं, आमचं खाण्यापिण्यात काय चुकलं म्हणून. मी त्यांचा हात धरला. "तुमचं काही चुकलं नाही. होतं असं कधी कधी. जंगलातही होतं."

दुपारपर्यंत आम्ही तिथे बसलो. रंग हळूहळू भरतात, तुला माहीत आहेच. आधी सगळं पांढुरकं, मग काळ्याची सावली, मग त्यावर पिवळे पट्टे स्पष्ट व्हायला लागले. नर होता. पोटाच्या टोकाचे बाकदार आकडे मी भिंगातून पाहिले, पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिले, परत पाहिले. शमीम, तोच होता. तुझं पिल्लू त्याच चतुराचं होतं. तू पाटात उभी राहून "आता बोल" म्हणालीस तेव्हाच तुला ते ठाऊक होतं.

मला आनंद झाला नाही. व्हायला हवा होता.

मग ते काम राहिलं. उडू न शकणारा चतुर किती दिवस काढणार? आणि नमुना हवाच होता. मी पिशवीतून बाटली काढली. इतक्या वर्षांत ही बाटली मी कधी माझ्या हातानं भरली नव्हती. खालांना म्हटलं, तुम्ही आत जा. त्या गेल्या नाहीत. "तिनं केलं असतं ना हे?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग कर," म्हणाल्या, आणि बघत बसल्या. मी त्याला पंखांना धरून उचललं. त्याच्या पायांनी माझं बोट पकडलं होतं, ते एकेक सोडवावं लागलं. झाकण लावलं. "माफ कर रे बाबा" माझ्या तोंडून निघालं नाही. ते खाला म्हणाल्या, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या अल्लाजवळ.

आता वर्णन लिहायला घेतलं. तुझं नाव पहिलं, माझं दुसरं. डोकं, ओठ, पाय, पोट, सगळं लिहून झालं, चित्रं झाली. अधिवास राहिला, म्हणजे पिल्लू कुठे राहतं तो परिच्छेद. पाण्याची खोली, गाळाची जाडी, सावली, आजूबाजूची झाडं. तुझ्या आजारपणात मी त्या पाटाकडे एकदाही गेले नव्हते. म्हणून मे महिन्याच्या भर उन्हात राजापूरची गाडी धरली. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली होती. लांज्याला एका माणसाने ती उचलायला सांगितली.

युनूसभाई रिक्षा घेऊन फाट्यावर आले होते. किती म्हातारे दिसायला लागलेत ते. सगळं आयुष्य जहाजावर काढलेला माणूस, पण आता रिक्षातून उतरतानाही दांडा धरून उतरतात. भाबींनी मला मिठी मारली, मग दोघी रडलो. मग त्यांनी मला अंगणातला नळ दाखवला. दाखवायचा म्हणून नाही, हातपाय धुवायला. पाणी जोरात आलं. थंड होतं. भाबी म्हणाल्या, "शमीमनं बघितला नाय गो हा." मी तोंड धुतलं, ओंजळीने प्यायले. त्या नळाविरुद्ध बोलायला माझ्याजवळ एकही शब्द नव्हता, तेव्हाही नसावा.

बागेत जाताना मी मनाची तयारी केली होती की पाट कोरडा असणार. पण पाटाच्या तोंडाशी पाणी होतं. बारीक, घोट्यालाही न लागणारं, पण वाहतं.

"युनूसभाई, पाणी कसं? बांध घातला कोणी?"

"मी आणि धोंडूदादांनी. ते वरच्या वाडीतले. घातला आपला जमेल तसा. पूर्वी अख्खी वाडी असायची, दिवसात बांध उभा राहायचा. आता पोरं मुंबईला, नाहीतर आखातात. बाकीच्यांना नळ आला, पाट कोणाला हवाय? आम्ही दोघं म्हातारे दगड वाहतो. वरच्या बाजूनं फुटतो सारखा."

"पण तुमच्या बागेला तर पाइप आलाय. मग तुम्ही कशाला..."

ते पाण्याकडे बघत राहिले.

"तिनं फोन केलेलान. दिवाळी झाल्यावर, मुंबईहून. आवाज निघत नव्हता तिचा. म्हणाली, भाईजान, नळ आला ते बरं झालं, पण बांध घालायचा सोडू नका. मी म्हटलं, कशासाठी गो? म्हणाली, माझ्यासाठी. पुढं काय विचारणार?"

"मला कोणीच सांगितलं नाही," मी म्हणाले. "तिनंही नाही."

युनूसभाई पहिल्यांदा हसले, थोडंसं, तुझ्यासारखं एका बाजूनं. "तिनं बजावलेलान मला. नंदाला कळता कामा नये. तिला वाटेल, ती जिंकली."

आम्ही पाटाच्या कडेने खाली गेलो. पाणी पोफळीच्या तिसऱ्या रांगेपर्यंत आलं होतं आणि तिथे मातीत मुरून संपत होतं. पुढे पाट कोरडा. धुण्याचा दगड ओळखू येत नव्हता, त्यावर झावळ्या पडल्या होत्या. त्याच्या खाली, तू चाळण घेऊन उभी होतीस तिथला गाळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. मी एक खपली उचलली, तिच्याखालीही कोरडंच. मग वरच्या ओल्या भागात जाऊन भाबींची चाळण घातली, परत परत घातली. बारीक गोगलगायी मिळाल्या. दुसरं काही मिळालं नाही.

युनूसभाई मला बांधाकडे घेऊन गेले. वरच्या बाजूला हातभर भगदाड होतं, पाणी तिथून वहाळात परत जात होतं. त्यांनी चपला काढल्या, पाण्यात उतरून एक दगड उचलला आणि भगदाडात बसवला. मी साडी खोचून उतरले, ओंजळीने चिखल भरला. त्यांनी दुसरा दगड लावला. काही वेळ पाणी थांबलं, पाटाकडे वळल्यासारखं झालं. मग दगडाच्या बाजूनं माती सुटली आणि ते पुन्हा आपल्या वाटेनं गेलं. युनूसभाई धापा टाकत काठावर बसले. मी तिथेच उभी राहिले, कोपरापर्यंत चिखलात.

मी जिंकले नाही गो, शमीम.